उजवी हेपॅटेक्टॉमी (यकृताचा उजवा भाग कापून काढणं) ठरली आहे, उरणारं यकृत २४.६ टक्के: वाढीसाठी नेमकं काय करायचं?

माजघर:
सासऱ्यांसाठी विचारते आहे. वय ६४, उंची १६५ सेंमी, वजन ६२ किलो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे. यकृताच्या उजव्या भागात तीन गाठी, डावीकडे काही नाही. ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्या केमोच्या ८ सायकल झाल्या, शेवटचा डोस दहा दिवसांपूर्वी. मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर. बिलिरुबिन ०.९, प्लेटलेट १ लाख ३५ हजार.

सीटीवर उरणाऱ्या यकृताचं आकारमान ३३० मिलि आलं, म्हणजे २४.६ टक्के. सर्जन म्हणतात हे कमी पडेल. आधी पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन (यकृताला रक्त आणणाऱ्या शिरेची उजवी शाखा बंद करणं), चार आठवड्यांनी परत सीटी, मग ऑपरेशन. नेटवर तर २० टक्के पुरतं असं दिसतं, मग हा मधला टप्पा कशासाठी? या चार आठवड्यांत यकृत वाढावं म्हणून खाण्यापिण्यात काय करता येईल? नातेवाईक डाळी, अंडी, तूप बंद करा म्हणताहेत. आणि ऑपरेशननंतर वाढ नीट होते आहे हे कोणत्या आकड्यांवरून कळतं?

काप_आणि_टाके:
२० टक्क्यांचा आकडा निरोगी यकृतासाठी आहे. बरीच केमो झालेल्या यकृतासाठी किमान ३० आणि सिरॉसिस असेल तर ४० टक्के धरतात. ऑक्सॅलिप्लॅटिन यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतं (ऑपरेशनच्या टेबलावर असं यकृत निळसर दिसतं), इरिनोटेकॅन हे केमोचं दुसरं औषध चरबी आणि सूज वाढवतं. साधारण ६ सायकलींच्या पुढे हा धोका चढत जातो. इथे ८ झाल्यात, वर मधुमेह. तुमच्या सर्जनचं गणित बरोबर आहे.

टक्केवारी कशी काढली तेही समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. सीटीत दिसणारं एकूण यकृत छेदात घेत नाहीत, कारण त्यात गाठी असतात. शरीराच्या पृष्ठफळावरून अपेक्षित यकृत काढतात: १२६७.२८ गुणिले पृष्ठफळ, वजा ७९४.४१. सासऱ्यांचं पृष्ठफळ १.६९ चौ.मी. च्या आसपास, म्हणून अपेक्षित यकृत सुमारे १३४२ मिलि. ३३० भागिले १३४२ म्हणजे २४.६. तीस टक्के गाठायला ४०३ मिलि लागतील. दुसरा सीटी झाल्यावर हाच छेद वापरला आहे ना, हे विचारा. एकदा सूत्राने आणि एकदा मोजलेल्या यकृताने भागलं तर वाढ झाली नसतानाही झालेली दिसू शकते.

आता वाढीबद्दल. पालीची शेपटी तुटल्यावर तिथेच नवी फुटते, तसं इथे होत नाही. कापलेला उजवा भाग परत येत नाही. उरलेला डावा भाग फुगतो, त्यातल्या पेशी विभागून संख्येने वाढतात. त्यांना जागं करणारा मुख्य इशारा म्हणजे पोर्टल व्हेनचं रक्त. आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंडाकडून येणारं हे रक्त स्वतःबरोबर इन्सुलिन आणि पोषण आणतं. उजवी शाखा बंद केली की सगळा प्रवाह डावीकडे वळतो, आणि ऑपरेशनच्या आधीच डाव्या बाजूची वाढ सुरू होते. जपानमध्ये माकुउची यांनी १९८० च्या दशकात पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी हे सुरू केलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

याचा दुसरा अर्थ असा की यकृत 'वाढवणारं' कुठलंही अन्न किंवा औषध नाही. इशारा रक्तप्रवाह देतो. वाढीच्या आड येणाऱ्या गोष्टी बाजूला करणं तेवढं आपल्या हातात असतं: अनियंत्रित साखर, तुंबलेलं पित्त, जंतुसंसर्ग, कुपोषण, दारू, केमोचा ताजा मार. तुमच्या यादीतला सगळ्यात मोठा अडथळा एचबीए१सी ८.१ हा आहे. मधुमेहात एम्बोलायझेशननंतरची वाढ मंदावलेली दिसते. चार आठवड्यांत एचबीए१सी फारसं हलणार नाही, पण रोजची साखर हलते. उपाशीपोटी १००-१३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एवढ्यावर आणा. गरज पडली तर तात्पुरतं इन्सुलिन घ्यायला कचरू नका.

दोन गोष्टी विचारून घ्या. केमोसोबत बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) दिलं होतं का? असेल तर त्याच्या शेवटच्या डोसनंतर ऑपरेशनपर्यंत निदान ६ आठवडे जाऊ देतात, नाहीतर जखम भरणं आणि रक्तस्राव दोन्ही बिघडतात. आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे का? फक्त एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी) नव्हे, अँटी-एचबीसीसुद्धा (जुना संसर्गही दाखवणारी). दबलेला विषाणू केमो आणि मोठ्या ऑपरेशननंतर डोकं वर काढतो. त्यावर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध आधीच सुरू करता येतं.

कॅथेटर_क्र_५:
एम्बोलायझेशनची बाजू मी लिहितो.

भूल सहसा स्थानिक, सोबत गुंगीचं औषध. सोनोग्राफीखाली बरगड्यांमधून सुई यकृतात जाते, तिथून पोर्टल व्हेनच्या शाखेत कॅथेटर. उजव्या शाखा वैद्यकीय गोंद आणि लिपिओडॉल (एक्स-रेत दिसणारं तेल) यांच्या मिश्रणाने, किंवा बारीक कण आणि कॉइलने बंद करतात. फक्त मुख्य उजव्या शाखेत एक प्लग ठेवून भागत नाही, कारण आडवाटेने रक्त परत शिरतं आणि वाढ अर्धवट राहते. लहान फांद्यांपर्यंत भरावं लागतं. आधी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५० हजारांच्या वर पाहिजेत. तुमच्याकडे ती अडचण नाही.

नंतर १ ते ३ दिवस उजव्या बाजूला बोथट दुखणं, ३८ ते ३८.५ सेल्सिअसपर्यंत ताप, मळमळ, भूक मंदावणं हे अपेक्षित आहे. मुक्काम एक-दोन रात्रींचा. त्याहून जास्त दिवस ताप किंवा थंडी वाजणं म्हणजे गळू झालं आहे का ते बघावं लागतं. गंभीर गुंतागुंत साधारण २-३ टक्के. त्यातली सगळ्यात नको असलेली म्हणजे गोंद किंवा गुठळी डाव्या शाखेत सरकणं, कारण जो भाग वाचवायचा त्याचाच पुरवठा तुटतो. म्हणून घरी सोडण्याआधी डाव्या पोर्टल व्हेनचा डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाला का, एवढं नक्की विचारा.

वाढ सरासरी मूळ आकाराच्या ३५-४० टक्के होते. तुमचे ३३० मिलि या हिशेबाने ४४०-४६० पर्यंत जावेत. पण अंतिम आकाराइतकाच वाढीचा वेग महत्त्वाचा, आणि माझ्या मते जास्तच. टक्केवारीतला फरक भागिले आठवडे. चार आठवड्यांनी ४४० आले तर ३२.८ टक्के, वाढ ८.२, म्हणजे आठवड्याला २ पेक्षा किंचित जास्त. हे चांगलं. आता समजा सहा आठवड्यांनी ४०० आले. तेही जवळजवळ ३० टक्केच, पण वेग आठवड्याला ०.९ सुद्धा नाही. असं यकृत ऑपरेशननंतरही आळशीपणाच करणार. आकडा गाठला म्हणून अशा रुग्णाला घाईने टेबलावर घेऊ नये.

वाढ कमी पडली तर त्याच बाजूची हेपॅटिक व्हेनही (यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर) बंद करता येते; काही केंद्रांत दोन्ही एकाच बैठकीत करतात आणि वाढ लवकर मिळते. तिसरा मार्ग आल्प्स नावाचा: पहिल्या ऑपरेशनात यकृत चिरून दोन भाग वेगळे करायचे, उजवी पोर्टल व्हेन बांधायची, आणि आठवडा-दीड आठवड्याने दुसरं ऑपरेशन. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ रुग्णांच्या जर्मन मालिकेत ९ दिवसांत ७४ टक्के वाढ दिसली, पण त्यातले ३ रुग्ण दगावले. निवड आणि तंत्र सुधारल्यावर धोका उतरला आहे, तरी ६४ व्या वर्षी, केमोने मार खाल्लेल्या यकृतात तो पहिला पर्याय नव्हे.

एक अप्रिय गोष्टही आधीच माहीत असावी. दर पाच-सहा रुग्णांत एकाचं ऑपरेशन एम्बोलायझेशननंतर होतच नाही, बहुतेकदा मधल्या काळात आजार पुढे गेल्यामुळे. दुसऱ्या सीटीत गाठीही तितक्याच बारकाईने बघतात ते याचसाठी.

वाटी_चमचा:
डाळ, अंडी बंद करण्याचा सल्ला ताबडतोब गुंडाळून ठेवा. काविळीत 'हलकं खा'चा अर्थ आपल्याकडे भाताची पेज आणि उसाचा रस असा झाला आहे. नवीन पेशी प्रथिनांपासून बनतात, आणि केमो झालेल्या माणसाचे स्नायू आधीच झिजलेले असतात.

प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६२ किलोला रोज ७५ ते ९३ ग्रॅम. उष्मांक किलोमागे ३०, एकूण १८५० च्या आसपास. ताटात ते असं बसतं: सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम) आणि २०० मिलि दूध (६). दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (दोन्ही मिळून १९), १५० ग्रॅम दही (५). संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे (६). रात्री १०० ग्रॅम मासा किंवा चिकन (२०), दोन पोळ्या (६). झोपताना परत दूध (६). झाले ८०. शाकाहारी असतील तर मासळीऐवजी १०० ग्रॅम पनीर (१८) किंवा ५० ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स (२६). वरणाच्या वाटीवर विसंबू नका. घरातल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४-५ ग्रॅम निघतात.

झोपण्याआधीचं खाणं चुकवू नये. आजारी यकृतात साखरेचा साठा कमी असतो, रात्रभराच्या उपासात शरीर स्नायू मोडून साखर बनवतं. मधुमेह आहे म्हणून साखरेचं काही नको, पण दूध आणि अर्धी पोळी किंवा नाचणीची बिनसाखरेची आंबील चालते. रात्री दहानंतर सकाळी नऊपर्यंत पोट रिकामं, हा प्रकार या महिन्यात नको. एकादशी-चतुर्थीही नको.

तूप, तेल बंद करायचं कारण नाही, दिवसाला ४-५ चमचे ठीक. ग्रेड १ फॅटी लिव्हर वाचून कुणी वजन उतरवायला सांगेल. ८००-९०० उष्मांकांचा आहार दोन ते चार आठवडे देऊन यकृतातली चरबी उतरवतात हे खरं, पण तो उपाय लठ्ठ रुग्णांसाठी आहे. यांचा बीएमआय २२.८. इथे वजन उतरलं तर नुकसान.

दर रविवारी सकाळी वजन घ्या. आठवड्यात एक किलोहून जास्त घटलं तर टीमला कळवा, तोंडाने भागत नसेल तर व्हे पावडरचा एक स्कूप (२०-२४ ग्रॅम) वाढवता येतो. नुसत्या बीसीएए (काही ठरावीक अमिनो आम्लांच्या) पावडरवर पैसे घालू नका.

माजघर:
खूपच उपयोगी. डाळ-अंडी आजपासून परत सुरू. एक राहिलं. ते गेले दोन महिने गुळवेलीचा काढा आणि भुईआवळ्याचा रस घेताहेत, 'लिव्हरचं टॉनिक' म्हणून. शिवाय हळदीच्या कॅप्सूल. नैसर्गिक आहे, अपाय काय, असं त्यांचं म्हणणं. आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट परत वाचला, त्यात प्लीहा १३.८ सेंमी लिहिली आहे. याला काही अर्थ आहे का?

काप_आणि_टाके:
तिन्ही आजच बंद. एम्बोलायझेशनच्या आधीच.

गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची नोंद आपल्या मुंबईतलीच आहे: २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या कोविडकाळात काढा घेणाऱ्या सहा रुग्णांची. ही इजा रोगप्रतिकारशक्ती चेतवल्यासारखी असते, स्वतःच्याच यकृतावर हल्ला. हळद भाजीत घातलेली ठीक. कॅप्सूलमध्ये मात्र शोषण वाढवायला मिरीचं पिपरिन घातलेलं असतं, आणि अशा गोळ्यांनी हिपॅटायटिस झाल्याच्या नोंदी आहेत. भुईआवळ्याने माणसाचं यकृत ऑपरेशननंतर जास्त वाढतं याला पुरावा नाही.

समजावताना 'हे विष आहे' असं म्हणू नका, वाद होईल. एवढंच सांगा: एम्बोलायझेशननंतर एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढला तर तो गोंदामुळे, केमोमुळे की काढ्यामुळे हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाईल. तारखेचं कारण बहुतेकांना पटतं.

आता प्लीहा. १३.८ सेंमी म्हणजे वाढलेली आहे, आणि प्लेटलेट १ लाख ३५ हजार. केमोच्या आधीच्या रिपोर्टशी दोन्ही ताडून बघा. तेव्हा प्लीहा लहान आणि प्लेटलेट दोन लाखांच्या वर असतील तर ऑक्सॅलिप्लॅटिनने यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्या तुंबवल्याची ही खूण आहे. सर्जनना हे दाखवाच. अशा वेळी नुसत्या आकारमानावर न थांबता काम मोजणारी तपासणी करतात: आयसीजी हे हिरवं रंगद्रव्य शिरेतून देऊन १५ मिनिटांनी किती उरलं ते बघतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर मोठ्या हेपॅटेक्टॉमीला सहसा हरकत नसते. १५-२० च्या पुढे गेलं तर कमी कापण्याचा विचार करावा लागतो. शेवटच्या केमोपासून ऑपरेशनपर्यंत ६ आठवड्यांचं अंतर यांच्यासाठी बरं. एम्बोलायझेशन लगेच केलं तर त्याचे चार आठवडे याच अंतरात बसतात, वेळ वाया जात नाही.

सलाईन_स्टँड:
ऑपरेशन आणि अतिदक्षता विभागातलं लिहिते.

त्याआधी औषधांचं एक. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात. नाहीतर साखर जेमतेम वाढलेली असतानाही रक्त आम्लधर्मी होतं, आणि हेपॅटेक्टॉमीनंतर ते यकृत निकामी होण्याशी गोंधळून वेळ जातो. रोज ३० मिनिटं दम लागेल इतकं चालणं, खुर्चीतून हात न लावता उठ-बस दहाच्या तीन फेऱ्या, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वासाच्या व्यायामाचं साधन) तासाला दहा श्वास. तंबाखू, सिगारेट, दारू पूर्ण बंद.

ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात (सेंट्रल व्हेनस प्रेशर ५ च्या खाली), म्हणजे यकृत कापताना कमी रक्त जातं. त्यामुळे त्या दिवशी लघवी थोडी कमी होते. सलाईन का कमी लावलं म्हणून घाबरू नका. रक्तपुरवठा १५ मिनिटं दाबून ५ मिनिटं सोडणं, असं आलटून पालटून चालतं.

नंतर कोणते आकडे बघायचे:

एसजीओटी-एसजीपीटी पहिल्या दिवशी शेकड्यांत जातात. ते कापण्याचे आहेत, रोज उतरले म्हणजे झालं. आयएनआर पहिले दोन दिवस चढतो, १.५ ते २ सुद्धा, आणि तिसऱ्या दिवसापासून खाली यायला हवा. रक्तस्राव नसताना नुसता आकडा सुधारायला प्लाझ्मा देऊ नये, कारण मग यकृत स्वतः किती काम करतंय हे झाकलं जातं. निर्णायक पाचवा दिवस. प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता) ५० टक्क्यांच्या खाली आणि बिलिरुबिन २.९ च्या वर, दोन्ही एकत्र असतील तर धोका फार मोठा असतो.

फॉस्फेटकडे कमी लोक बघतात. नव्या पेशी ऊर्जेसाठी फॉस्फेट ओढून घेतात आणि काही मूत्रातूनही जातं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो पडतो. पडणं हे उलट वाढ सुरू झाल्याचं लक्षण. पण २ च्या खाली भरून काढावा लागतो. १ च्या खाली श्वासाचे स्नायू दुबळे होतात, हृदयाची लय बिघडते. अजिबात पडला नाही तर आम्हाला जास्त काळजी वाटते.

साखर पहिल्या दिवशी दर २-४ तासांनी. मधुमेही माणसाची साखर काही न करता ७० च्या खाली घसरू लागली तर ती चांगली बातमी नाही, यकृत साखर बनवत नाहीये असा त्याचा अर्थ. सोबत लॅक्टेट (पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) चढत असेल तर लगेच डॉप्लर आणि सीटी, उरलेल्या यकृताच्या शिरेत गुठळी झाली का ते बघायला. आयएनआर वाढलेला आहे म्हणून गुठळी होणार नाही, हा समज चुकीचा. गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं म्हणूनच देतात.

ड्रेनमधल्या (पोटात ठेवलेल्या नळीतल्या) पाण्याचा रंग हिरवट-पिवळा झाला तर त्यातलं बिलिरुबिन तपासतात. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ते रक्तातल्यापेक्षा तिप्पट असेल तर पित्तगळती. बहुतेक वेळा ड्रेन ठेवून थांबते, पण त्यात जंतू शिरले की वाढ तिथेच खुंटते.

दुखण्यावर पॅरासिटॅमॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, मूत्रपिंडावर येतं. झोपेची गोळी मागू नका. दिवसा गुंगी, उलटसुलट बोलणं किंवा हात पुढे केल्यावर पंजे फडफडणं दिसलं तर रात्रपाळीच्या सिस्टरला त्याच क्षणी सांगा. पहिल्या दिवसापासून तोंडाने खाणं आणि पलंगावरून उतरणं. प्रथिनांचं प्रमाण वर दिलंय तेच.

माजघर:
जुना रिपोर्ट सापडला. केमोआधी प्लीहा १०.९ सेंमी, प्लेटलेट २ लाख ६० हजार. बेव्हासिझुमॅब दिलं नव्हतं.

काप_आणि_टाके:
म्हणजे केमोचाच परिणाम. उद्याच्या भेटीत हे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि दोन विचारणा करा: आयसीजी चाचणी एम्बोलायझेशनच्या आधी होईल का, आणि पोर्टलसोबत हेपॅटिक व्हेनही बंद करण्यात फायदा आहे का. पुढची केमो मधल्या चार आठवड्यांत देणार नाहीत ना, हेही लिहून घ्या. ऑपरेशननंतरची केमो साधारण ४ ते ८ आठवड्यांनी सुरू होते, तोपर्यंत बरीचशी वाढ झालेली असते. पहिल्या दोन आठवड्यांत ती सगळ्यात वेगाने होते आणि मग महिनोन्महिने हळूहळू चालू राहते.

कॅथेटर_क्र_५:
दुसरा सीटी पहिल्या केंद्रातच करा आणि आकारमान त्याच रेडिओलॉजिस्टकडून मोजून घ्या. दोन वेगळ्या माणसांच्या मोजणीत ३०-४० मिलिचा फरक सहज येतो, आणि तुमचा निर्णय तेवढ्यावरच अडलेला असेल.